छेदात क्ष असलेली समीकरणं सोडवताना

पुढे वाचण्याआधी हे समीकरण वहीत उतरवून घ्या आणि स्वतः सोडवून बघा.

क्ष/(क्ष − ३) = २ + ३/(क्ष − ३)

बहुतेक जण असं करतात. दोन्ही बाजूंना (क्ष − ३) ने गुणलं, छेद गेले: क्ष = २(क्ष − ३) + ३. कंस सोडवला: क्ष = २क्ष − ६ + ३. म्हणजे क्ष = २क्ष − ३, म्हणजे क्ष = ३. उत्तराभोवती चौकट काढली आणि पुढच्या गणिताकडे वळले.

आता चौकटीतली ती किंमत पहिल्या ओळीत घालून बघा. छेद आहे क्ष − ३, म्हणजे ३ − ३, म्हणजे शून्य. डाव्या बाजूला ३/० आणि उजवीकडे २ + ३/०. शून्याने भागणं बीजगणितात बसतच नाही, त्यामुळे समीकरण बरोबर आहे की चूक हे विचारायलाही जागा उरत नाही. गुणाकार बरोबर होता, कंस बरोबर सुटला, चिन्हं चुकली नाहीत, तरी उत्तर चूक आलं. या समीकरणाला उकलच नाही.

मी हे गणित शिकवायला घेतो ते मुद्दाम पहिल्याच दिवशी. अपूर्णांकांच्या समीकरणात छेद घालवणं ही अवघड गोष्ट नाही, ती कोणालाही दोन दिवसांत जमते. अडचण अशी की छेद घालवताना त्याच्यासोबत एक अट होती, तीही निघून जाते, आणि ती गेल्याचं वहीत कुठेच दिसत नाही.

ती अट नेमकी कुठे निसटते? ५ = ७ हे विधान उघड खोटं आहे. दोन्ही बाजूंना ० ने गुणा: ० = ०. खऱ्यासारखं खरं झालं. शून्याने गुणलं की काहीही काहीच्याही बरोबर होतं. आपण (क्ष − ३) ने गुणतो तेव्हा क्ष ३ नसेल तर हे गुणणं निर्धोक असतं. क्ष ३ असेल तर मात्र आपण नकळत शून्याने गुणलेलं असतं. पहिल्या ओळीत ३ ला मज्जाव होता, दुसऱ्या ओळीत छेदच नाही, म्हणून तो बिनदिक्कत आत येतो.

लिहिण्याबद्दल एक सूचना. इथे ओळीत बसवायचं म्हणून मी तिरपी रेघ वापरतो आहे, वहीत तुम्ही आडवी रेघ काढा. पण आडवी रेघ हा एक न दिसणारा कंस असतो हे ध्यानात ठेवा. रेघेवर जे आहे ते सगळं एका कंसात, रेघेखाली जे आहे ते सगळं दुसऱ्या कंसात. रेघ गेली की ते कंस तुम्हाला स्वतः काढावे लागतात, आणि चिन्हांच्या बऱ्याचशा चुका तिथेच होतात.

आधी अंकांचे छेद

छेदात नुसते अंक असतील तर छेद शून्य होण्याची वगैरे काही भानगड नसते. हात बसवायला तेच चांगलं.

(क्ष + १)/२ − (क्ष − ३)/५ = ५

२ आणि ५ चा लसावि १०. प्रत्येक पदाला १० ने गुणायचं. ‘प्रत्येक’ या शब्दावर जोर आहे, कारण उजवीकडच्या एकट्या ५ ला छेद नसतो म्हणून तो हमखास विसरला जातो.

५(क्ष + १) − २(क्ष − ३) = ५०
५क्ष + ५ − २क्ष + ६ = ५०
३क्ष = ३९
क्ष = १३

ताळा: १४/२ − १०/५ = ७ − २ = ५. जमलं.

आता दुसऱ्या ओळीत − २(क्ष − ३) चं − २क्ष − ६ केलं तर काय होईल? ३क्ष − १ = ५०, म्हणजे क्ष = १७. गंमत अशी की १७ हाही छान पूर्णांक आहे. ‘उत्तर पूर्णांकात आलं म्हणजे बरोबर असणार’ हा समज मुलांमध्ये इतका पक्का असतो की १७ आल्यावर कोणी मागे वळून बघत नाही. बघितलं तर १८/२ − १४/५ = ९ − २.८ = ६.२ दिसेल, ५ नव्हे. वजाबाकीच्या चिन्हानंतर अपूर्णांक आला की छेद घालवताना अंशाला कंस घालायचा आणि तो कंस पुढच्या ओळीतच सोडवायचा. दोन कामं एका ओळीत करू नका.

सोडवायचं आहे की सोपं रूप द्यायचं आहे?

हा गोंधळ इथेच मिटवू. ‘३/क्ष + २/(क्ष + १) याला सोपं रूप द्या’ असं विचारलं असेल तर बरोबरचं चिन्ह नाही, म्हणजे दुसरी बाजू नाही, म्हणजे कशानेही गुणून छेद घालवायचा अधिकार तुम्हाला नाही. तिथे छेद समान करायचा आणि तो शेवटपर्यंत सांभाळायचा: (५क्ष + ३)/(क्ष(क्ष + १)). समीकरणात मात्र दोन बाजू असतात, दोन्हींना एकाच राशीने गुणता येतं आणि छेद जातात. कित्येक वह्यांमध्ये सोपं रूप देण्याच्या गणितात छेद गायब झालेला दिसतो, तर समीकरणात तो उगीच शेवटपर्यंत ओढत नेलेला दिसतो.

पहिली ओळ वर्ज्य किमतींची

छेदात क्ष दिसला की समीकरणाखाली लगेच एक ओळ लिहायची: कोणत्या किमतींना छेद शून्य होतो. मी त्यांना वर्ज्य किमती म्हणतो. ही ओळ शेवटी आठवेल म्हणून मागे ठेवली तर ती आठवत नाही.

छेद क्ष + ७ असेल तर −७ वर्ज्य. छेद २क्ष − ५ असेल तर ५/२ वर्ज्य. इथे घाईत ५ लिहिलं जातं, म्हणून २क्ष − ५ = ० हे पूर्ण सोडवा. छेद क्ष² − ९ असेल तर ३ आणि −३ दोन्ही. −३ विसरू नका. छेद क्ष² + ४ असेल तर वास्तव संख्यांमध्ये तो कधीच शून्य होत नाही, म्हणून वर्ज्य काही नाही. छेद नुसता क्ष असेल तर ० वर्ज्य. हे इतकं साधं आहे की लिहायचं राहून जातं.

छेदाच्या आत आणखी छेद असला तर जास्त जपा. १/(१ + १/क्ष) = ० हे घ्या. आतला छेद क्ष, म्हणून ० वर्ज्य. बाहेरचा छेद १ + १/क्ष, तो क्ष = −१ ला शून्य होतो, म्हणून −१ ही वर्ज्य. आता डाव्या बाजूला सोपं रूप दिलं की क्ष/(क्ष + १) मिळतं आणि क्ष/(क्ष + १) = ० वरून क्ष = ०. पण ० तर वर्ज्य! सोप्या रूपात आतला छेद नाहीसा झाला होता. म्हणून वर्ज्य किमती मूळ समीकरणावरूनच काढायच्या, सोपं केल्यानंतरच्या ओळीवरून कधीच नाही.

छेदात शून्य असलेल्या राशीला भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात ‘खहर’ असं नाव दिलं होतं: ख म्हणजे शून्य, हर म्हणजे छेद. त्यांनी तिला अनंत राशी मानलं. शाळेच्या बीजगणितात आपण इतके उदार नाही. खहर आला की ती किंमत बाद.

छेदांचे अवयव, मग लसावि

क्ष/(क्ष − २) + १/(क्ष + २) = ८/(क्ष² − ४)

तिन्ही छेद नुसते एकमेकांना गुणले तरी चालतं, पण मग तिसऱ्या-चौथ्या घाताच्या पदांशी झुंजावं लागतं. त्याआधी छेदांचे अवयव पाडा. क्ष² − ४ = (क्ष − २)(क्ष + २). पहिले दोन छेद याच्यातच आहेत, म्हणून लसावि (क्ष − २)(क्ष + २) एवढाच. वर्ज्य किमती २ आणि −२.

लसाविने प्रत्येक पदाला गुणताना मनात एकच प्रश्न विचारायचा: लसावितला कोणता अवयव या पदाच्या छेदात नाही? तोच अंशाला जाऊन चिकटतो. पहिल्या पदाच्या छेदात (क्ष + २) नाही, म्हणून क्ष(क्ष + २). दुसऱ्याच्या छेदात (क्ष − २) नाही, म्हणून १(क्ष − २). तिसऱ्याच्या छेदात दोन्ही आहेत, म्हणून नुसता ८.

क्ष(क्ष + २) + (क्ष − २) = ८
क्ष² + ३क्ष − १० = ०
(क्ष + ५)(क्ष − २) = ०

क्ष = −५ किंवा क्ष = २. यातला २ वर्ज्य ओळीत आधीच बसलेला आहे, म्हणून तो काढून टाकला. उरला −५.

ताळा: (−५)/(−७) + १/(−३) = ५/७ − १/३ = (१५ − ७)/२१ = ८/२१. उजवी बाजू ८/(२५ − ४) = ८/२१. दोन्ही सारख्या.

वर्गसमीकरणाला दोन मुळं आली म्हणून मूळ समीकरणाला दोन उकली असतीलच असं नाही. दोन्ही टिकू शकतात, एक टिकू शकतं, किंवा दोन्ही बाद होऊ शकतात.

छेद उलट्या क्रमाने लिहिलेले असतील तर आधी एक छोटं काम करा. ५/(क्ष − ४) + २/(४ − क्ष) = १ यात छेद दोन वेगळे वाटतात, पण ४ − क्ष = −(क्ष − ४). ऋण चिन्ह बाहेर घेतलं की ५/(क्ष − ४) − २/(क्ष − ४) = १, म्हणजे ३/(क्ष − ४) = १, क्ष = ७. हे न ओळखता (क्ष − ४)(४ − क्ष) हा छेद धरला तर उगीच वर्गसमीकरण येतं आणि त्यातून ४ हे बाद होणारं मूळही निघतं.

तिरकस गुणाकार: सोयीचा, पण कुठेही नाही

तिरकस गुणाकार सगळ्यांचा लाडका. त्याची अट एकच, पण कडक: डावीकडे एकच अपूर्णांक हवा आणि उजवीकडे एकच. क्ष/२ + १/३ = ५/६ अशा ठिकाणी डावीकडे दोन पदं आहेत; तिथे १/३ आणि ५/६ यांचाच तिरकस गुणाकार करून क्ष/२ बाजूला तसंच ठेवलेलं मी अनेकदा पाहिलं आहे. ते गणित नव्हे.

आणि अट पाळली तरी तिरकस गुणाकार नेहमी सर्वांत चांगला असतो असंही नाही.

२/(क्ष² − क्ष) = ३/(क्ष² − २क्ष + १)

तिरकस गुणाकार केला तर २क्ष² − ४क्ष + २ = ३क्ष² − ३क्ष, म्हणजे क्ष² + क्ष − २ = ०, म्हणजे (क्ष + २)(क्ष − १) = ०. मुळं −२ आणि १.

हेच लसाविने करा. छेद क्ष(क्ष − १) आणि (क्ष − १)². लसाविमध्ये प्रत्येक अवयवाचा सर्वांत मोठा घात घ्यायचा, म्हणून क्ष(क्ष − १)². गुणल्यावर २(क्ष − १) = ३क्ष, म्हणजे क्ष = −२. वर्गसमीकरण आलंच नाही.

मग तिरकस गुणाकारातला १ आला कुठून? दोन्ही छेदांत (क्ष − १) सामाईक होता. तिरकस गुणाकारात आपण लसाविपेक्षा एका (क्ष − १) ने जास्तच गुणलं, आणि ते जास्तीचं गुणणं क्ष = १ हे मूळ घेऊन आलं. वर्ज्य किमती ० आणि १ लिहिलेल्या असतील तर उत्तर तरीही बरोबरच येतं, फक्त काम वाढतं. ताळा: २/(४ + २) = १/३, ३/(४ + ४ + १) = १/३.

उकल वाढते तशी हरवतेही

आतापर्यंत नको ती किंमत कशी येते ते पाहिलं. हवी ती किंमत जाते तेव्हा नुकसान जास्त, कारण वाढलेली किंमत ताळ्यात सापडते, हरवलेली सापडत नाही.

क्ष/(क्ष + १) = ३क्ष/(क्ष + ५)

इथे दोन्हीकडे अंशात क्ष दिसला की हात शिवशिवतात. क्ष ‘उडवला’: १/(क्ष + १) = ३/(क्ष + ५), म्हणजे क्ष + ५ = ३क्ष + ३, क्ष = १. ताळा घेतला: १/२ = ३/६. बरोबर! वही बंद.

पण क्ष = ० ठेवून बघा: ० = ०. तीही उकल आहे, आणि छेद १ आणि ५ येतात, म्हणजे वर्ज्यही नाही. क्ष उडवणं म्हणजे क्ष ने भागणं, आणि क्ष शून्य असू शकतो हे आपण विसरलो. असं करायचं: क्ष(क्ष + ५) = ३क्ष(क्ष + १), सगळं एका बाजूला आणून क्ष सामाईक काढायचा: क्ष[(क्ष + ५) − ३(क्ष + १)] = ०, म्हणजे क्ष(२ − २क्ष) = ०. क्ष = ० किंवा क्ष = १. दोन्ही उकली. समीकरणाच्या दोन्ही बाजूंना क्ष असलेल्या राशीने भागण्याची सवय सोडून द्या, तिच्याऐवजी अवयव पाडा.

याच घराण्यातली दुसरी चूक म्हणजे (क्ष + ३)/३ मध्ये वरचा ३ आणि खालचा ३ कापून क्ष लिहिणं. काटछाट अवयवांची होते, पदांची नाही. शंका आली तर क्ष = ३ ठेवा: ६/३ = २, आणि तुमच्या ‘सोप्या’ रूपात ३. एवढ्यात भांडं फुटतं.

क्ष च नाहीसा झाला तर

(क्ष + २)/(क्ष − १) = १ सोडवताना क्ष + २ = क्ष − १, म्हणजे २ = −१. खोटं विधान उरलं, म्हणजे उकल नाही. इथे वर्ज्य किमतीचा काही संबंध नाही, समीकरणच अशक्य आहे.

१/(क्ष − १) − १/(क्ष + १) = २/(क्ष² − १) यात गुणल्यावर (क्ष + १) − (क्ष − १) = २, म्हणजे २ = २. खरं विधान उरलं. ही नित्यसमानता आहे. पण उत्तर ‘क्ष ची कोणतीही किंमत’ असं लिहिलंत तर चुकलात; १ आणि −१ सोडून कोणतीही.

काही आडवाटा

चार अपूर्णांक आणि चार वेगवेगळे छेद असतील तर सरळ लसावि घ्यायच्या आधी थोडं थांबून बघावं.

(क्ष + १)/क्ष − (क्ष + २)/(क्ष + १) = (क्ष + ४)/(क्ष + ३) − (क्ष + ५)/(क्ष + ४)

प्रत्येक अंश त्याच्या छेदापेक्षा १ ने मोठा आहे. म्हणून प्रत्येक अपूर्णांक म्हणजे १ अधिक एक छोटा अपूर्णांक: (क्ष + १)/क्ष = १ + १/क्ष, वगैरे. दोन्ही बाजूंना १ मधून १ गेला आणि उरलं:

१/क्ष − १/(क्ष + १) = १/(क्ष + ३) − १/(क्ष + ४)

आता प्रत्येक बाजू वेगवेगळी एकत्र करा. दोन्ही अंश १ येतात:

१/(क्ष(क्ष + १)) = १/((क्ष + ३)(क्ष + ४))

म्हणून क्ष² + क्ष = क्ष² + ७क्ष + १२, ६क्ष = −१२, क्ष = −२. वर्ज्य किमती ०, −१, −३, −४. −२ त्यांत नाही. ताळा: डावीकडे (−१)/(−२) − ०/(−१) = १/२, उजवीकडे २/१ − ३/२ = १/२. सुरुवातीलाच चार छेदांचा लसावि घेऊन बसलात तर हेच गणित पानभर जातं.

दुसरी आडवाट, एक राशी आणि तिचाच व्यस्त. (क्ष + १)/क्ष + क्ष/(क्ष + १) = ५/२ यात पहिल्या अपूर्णांकाला म मानलं तर दुसरा १/म. म + १/म = ५/२, २म² − ५म + २ = ०, (२म − १)(म − २) = ०, म = २ किंवा १/२. इथे थांबायचं नाही, कारण विचारलेला क्ष आहे. (क्ष + १)/क्ष = २ वरून क्ष = १; (क्ष + १)/क्ष = १/२ वरून क्ष = −२. दोन्ही चालतात.

तिसरी म्हणजे योग-वियोग क्रिया. डाव्या बाजूला (अ + ब)/(अ − ब) असा आकार दिसला की ती आठवावी.

[(क्ष + १)² + (क्ष − ५)²] / [(क्ष + १)² − (क्ष − ५)²] = ५/४

योग-वियोग करून दोन्ही बाजूंचं रूप बदलतं: अंश + छेद भागिले अंश − छेद. डावीकडे २(क्ष + १)²/२(क्ष − ५)², उजवीकडे ९/१. म्हणून (क्ष + १)/(क्ष − ५) = ३ किंवा −३. इथे −३ गाळणारे खूप असतात. वर्गमूळ काढताना दोन्ही चिन्हं घ्यायची. पहिल्यातून क्ष = ८, दुसऱ्यातून क्ष = ७/२. ८ चा ताळा: (८१ + ९)/(८१ − ९) = ९०/७२ = ५/४. ७/२ साठीही तेच गुणोत्तर येतं.

या क्रियेत एक बारकावा आहे. तिने (क्ष − ५)² हा नवाच छेद आणला, जो मूळ समीकरणात नव्हता. म्हणजे ५ ही किंमत मधेच वगळली गेली. ती खरी उकल असती तर हरवली असती. म्हणून ५ मूळ समीकरणात ठेवून पाहायचं: ३६/३६ = १, ५/४ नाही. ठीक, काही हरवलं नाही. नव्या पायरीत नवा छेद आला की अशी चौकशी करायची.

शाब्दिक उदाहरण

विजेच्या मंडलात दोन रोध समांतर जोडणीत असतील तर परिणामी रोधाचा व्यस्त हा त्या दोन रोधांच्या व्यस्तांची बेरीज असतो. समजा एक रोध दुसऱ्यापेक्षा ५ ओहमने जास्त आहे आणि परिणामी रोध ६ ओहम आहे. लहान रोध क्ष मानला तर:

१/क्ष + १/(क्ष + ५) = १/६

वर्ज्य किमती ० आणि −५. लसावि ६क्ष(क्ष + ५). गुणल्यावर ६(क्ष + ५) + ६क्ष = क्ष(क्ष + ५), म्हणजे क्ष² − ७क्ष − ३० = ०, म्हणजे (क्ष − १०)(क्ष + ३) = ०. क्ष = १० किंवा −३.

आता −३ चं काय करायचं? तो वर्ज्य नाही. ताळाही जमतो: −१/३ + १/२ = १/६. समीकरणाची ती खरीखुरी उकल आहे. पण रोध ऋण नसतो, म्हणून उदाहरणाचं उत्तर १० ओहम आणि १५ ओहम. वर्ज्य असल्यामुळे बाद आणि उदाहरणात बसत नाही म्हणून बाद, ही दोन वेगळी कारणं आहेत. वहीत नेमकं कारण लिहा. ‘ऋण आहे म्हणून नको’ हे कारण उदाहरण शाब्दिक असेल तेव्हाच चालतं. नुसत्या समीकरणात ऋण उकल फेकून देणारेही भेटतात, आणि अंकगणितातून आलेली ती सवय मोडायला वेळ लागतो.

हेच समीकरण हौद आणि नळांनाही चालतं. दोन नळ मिळून हौद ६ तासांत भरतात, एकट्या दुसऱ्या नळाला पहिल्यापेक्षा ५ तास जास्त लागतात. एका तासात पहिला १/क्ष हौद भरतो, दुसरा १/(क्ष + ५), मिळून १/६. उत्तर १० तास आणि १५ तास. वेगाची गणितंही याच जातीची, कारण वेळ म्हणजे अंतर भागिले वेग, आणि वेग माहीत नसला की क्ष आपोआप छेदात जातो.

शाब्दिक उदाहरणात लोक समीकरण सोडवताना कमी अडतात, मांडताना जास्त. तास मिळवायचे की दर मिळवायचे हे ठरत नाही. क्ष + (क्ष + ५) = ६ असं मांडलंत तर एकटा नळ सहा तासांपेक्षा कमी वेळात हौद भरतो असं निघेल, जे उघड विसंगत आहे. मिळून काम करताना वेळांची बेरीज होत नसते, एका तासातल्या कामाची होते.

ताळा घेताना

ताळा नेहमी मूळ समीकरणात, दुसऱ्या ओळीत नाही. दुसरी ओळ लिहितानाच चूक झाली असेल तर तिथला ताळा खुशाल जमेल. दोन्ही बाजू वेगवेगळ्या मोजा, मधे बरोबरचं चिन्ह टाकू नका. आधीच टाकलं की मन दोन्ही बाजू जुळवून घेतं. कॅल्क्युलेटर वापरत असाल तर अंश आणि छेद दोन्हीला कंस द्या, नाहीतर तो १४ + २/५ असं काहीतरी वेगळंच मोजून देईल. वर्गमुळांची किचकट उत्तरं आली असतील तर पूर्ण ताळा जिकिरीचा होतो. अशा वेळी निदान ती वर्ज्य नाहीत ना हे बघा आणि दशांशात अंदाजे ताळा घ्या.

हाताखालून घालायला चार उदाहरणं. आधी सोडवा, मग खालची उत्तरं बघा.

(अ) २/(क्ष − ३) + १/(क्ष + ३) = १२/(क्ष² − ९)
(आ) ६/क्ष − ६/(क्ष + १) = १
(इ) (क्ष − १)/(क्ष + २) = (क्ष + ३)/(क्ष + १०)
(ई) क्ष/(क्ष² − क्ष) = १/(क्ष − १)

उत्तरं: (अ) उकल नाही, कारण क्ष = ३ येतो आणि तो वर्ज्य आहे. (आ) २ आणि −३. (इ) ४. इथे तिरकस गुणाकार चालतो आणि क्ष² दोन्हीकडून जातो. (ई) ० आणि १ सोडून क्ष ची कोणतीही किंमत. शेवटच्यात ० लिहायचा राहिला असेल, तर डाव्या छेदाचे अवयव पाडण्याआधीच क्ष उडवला होता का ते वहीत मागे जाऊन बघा.